फौजीचं सोंग

वैजू,

तुझी राख सावडायला आलेली माणसं रेणापूरच्या स्टँडवर चहा पीत होती, तेव्हाच तुझ्या नावाचं भांडण सुरू झालं. कोणीतरी सांगितलं की लातूरच्या नव्या नाट्यगृहाला तुझं नाव द्यायचं ठरतंय. त्याचं बोलणं संपायच्या आत दुसरा म्हणाला, "नाव देऊन बघा. पाटी राहनार न्हाई, आन् लावनाराबी." हे तो ओरडून बोलला नाही. चहात बिस्कीट बुडवता बुडवता बोलला, म्हणून मला जास्त भीती वाटली. तुझ्या मोठ्या भावाने, गोविंददादाने, हातातला कप तसाच बाकड्यावर ठेवला आणि मला विचारलं, "मुनीर, मेल्यावर तरी सोडतेत का रे ह्याला?"

उत्तर मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी नाट्यगृह समितीचे तिघे माझ्या दुकानात आले. त्यात क्लासवाले सर होते. दुकान तुला आता ओळखू आलं नसतं. ज्या फळ्यांवर तुझ्या कॅसेटी लावलेल्या असायच्या तिथे आता झेरॉक्सची दोन मशीनं आहेत, आणि मागच्या खोलीत, जिथे आपण भिंतींना गाद्या बांधून तुझा आवाज रेकॉर्ड केला, तिथे निळा पडदा लावून मी क्लासच्या पोरांचे पासपोर्ट फोटो काढतो. सर म्हणाले, "मुनीरभाई, वैजनाथरावांची शोकसभा घेऊन राहिलो. तुमच्याकडं ते फौजीचं सोंग असंल ना? तेवढं लावू. लोकं हसतील, मन हलकं होईल. बाकीचा विषय काढायचा न्हाई."

"बाकीचा म्हणजे?"

सरांनी दाराकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत हाय."

वैजू, तुझ्या आयुष्यातून काढायचा तो बाकीचा विषय. तो काढल्यावर तुझं काय उरतं, तेच मी चार दिवस शोधून राहिलोय.

आपली ओळख नांदेडची. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मी चाचांचा लाउडस्पीकर घेऊन आलो होतो आणि तू कोणाची तरी मोठी खाकी पँट सुतळीने बांधून स्टेजवर आला होतास. सुट्टीवर गावी आलेला फौजी. म्हशीला 'सावधान' म्हणणारा, बायकोला शिट्टी मारून उठवणारा, रानात जायला आईकडे पास मागणारा. म्हैस ऐकत नाही म्हणून तू तिला 'पीछे मुड' दिलास आणि तिने शेपटीने तुझी टोपी उडवली. स्टेजवर ना म्हैस होती ना शेपटी, पण मी ती टोपी उडताना पाहिली. माझ्या शेजारी बसलेले प्राचार्य डोळे पुसत होते. त्या दिवशी मी तुला म्हणालो, "लातूरला ये, तुझी कॅसेट काढू." तू म्हणालास, "कॅसेटीत म्हैस दिसंल का?" दिसली रे. पुढे उदगीरपासून हिंगोलीपर्यंत प्रत्येक काळ्या-पिवळ्या जीपमध्ये ती म्हैस दिसत होती. मग मुंबईच्या सिनेमांनी तुला नेलं, आणि गावोगावच्या लेकरांचा तू वैजूमामा झालास.

भूकंप झाला तेव्हा तू रेणापूरलाच होतास. आपण जीपमध्ये पाण्याचे कॅन आणि पाव भरून किल्लारीकडे निघालो. पाऊस पडत होता. रस्त्याने येणारी माणसं आपल्याकडे पाहत होती पण त्यांना आपण दिसत नव्हतो. तुला, ज्याला पाहिल्यावर माणसं लांबूनच हसायला लागायची, त्याला त्या दिवशी एकानेही ओळखलं नाही. तू मला हळूच म्हणालास, "बरं झालं."

तिथे फौजेची पोरं दगड उचलून मुडदे काढत होती. त्यातला एक कुठला दक्षिणेकडचा, मराठी न येणारा, मिसरूडही नीट न फुटलेला, एका पडक्या भिंतीला टेकून बसला होता. समोर जेवण होतं पण तो हात लावत नव्हता. तू जवळ गेलास. त्याने फक्त आपले हात नाकाजवळ नेले आणि मान हलवली. तू कॅन उचललास आणि त्याच्या हातांवर पाणी ओतत राहिलास. तो चोळत होता, तू ओतत होतास. मी म्हणालो, "वैजू, प्यायचं पाणी हाय ते." तू ऐकलं नाहीस. येताना जीपमध्ये एवढंच बोललास, "मी ह्याचं सोंग करून खातो, मुनीर. आन् मला ह्यो कोण ते म्हाईतच नव्हतं."

त्यानंतर तू फौजीचं सोंग बराच काळ केलं नाहीस. पुन्हा सुरू केलंस तेव्हा त्याला नवा शेवट जोडलास. सुट्टी संपते. आई भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देते. सगळ्या घराला हुकूम सोडणारा फौजी दारात उभा राहून स्वतःच्या पायांना 'चल' म्हणतो आणि पाय उचलत नाहीत. लोकांना तो शेवट आवडायचा नाही. टाळ्या उशिरा यायच्या, कमी यायच्या. मीही तुला म्हणालो होतो, म्हशीवर संपव. तू हसलास आणि तसंच चालू ठेवलंस.

दरम्यान लातूर बदलत गेलं. गल्लीगल्लीत क्लास निघाले, घरांच्या गच्च्यांवर पत्रे टाकून पोरांच्या खोल्या झाल्या, मेस निघाल्या, चौकाचौकात गुणवत्ता यादीत आलेल्या पोरांचे चेहरे टांगले गेले. ज्या गावाची ओळख पडलेल्या घरांनी झाली होती त्याला आता नवी ओळख हवी होती. त्यातूनच सरांच्या मनात तुझा नागरी सत्कार आला. निमंत्रणपत्रिका छापून झाली. मग सरहद्दीच्या डोंगरावर ती लढाई पेटली.

नांदेडचा कार्यक्रम जवानांच्या मदतीसाठी होता. ध्वनिक्षेपक माझाच होता, म्हणून मी स्टेजच्या कडेला बसलो होतो. हॉल भरून माणसं बाहेर उभी होती. तू म्हैस केलीस, पास मागितलास, लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मग आईने भाकरी बांधली. तू दारात उभा राहिलास. 'चल' म्हणालास. पाय उचलला नाही. पुन्हा 'चल' म्हणालास. तिसऱ्यांदा म्हणायचं तुझं ठरलेलं होतं, पण तू टोपी काढलीस आणि साध्या आवाजात बोलायला लागलास.

"ह्यो परत गेल्यावर काय होतंय ते आपण रोज पेपरात वाचून राहिलो. मला ह्याला परत पाठवायचं न्हाई. दोन्हीकडच्या राज्य करणारांनी ही लढाई आजच्या आज थांबवावी. पोरं मरून राहिलीत आणि आपण इथं बसून टाळ्या वाजवून राहिलो."

एवढंच. मला ते शब्दन् शब्द पाठ आहेत, कारण त्यानंतर हॉलमध्ये जी शांतता पसरली तिच्यात ते अजून घुमतायत असं वाटत होतं. मग मागून एक खुर्ची वाजली, दुसरी वाजली. माणसं उठून चालली होती. कोणी शिवी दिली नाही. मला वाटलं, दिली असती तर बरं झालं असतं.

सकाळी पेपरात आलं की विनोदी नटाने जवानांची खिल्ली उडवली. दुपारपर्यंत तेच खरं झालं. माझ्या दुकानासमोरच्या चौकात तुझ्या कॅसेटींचा ढीग पेटवला, प्लास्टिकच्या वासाने आठवडाभर डोकं दुखत होतं. तुझ्या सत्काराच्या फलकावर चेहरा तेवढा डांबराने पुसला होता, खाली 'लातूरचा अभिमान' तसंच होतं. फोन वाजायचा, उचलला की पलीकडे नुसता श्वास ऐकू यायचा. संध्याकाळी एक जीप आमच्या गल्लीतून सावकाश जायची, थांबायची नाही, कोणी काही बोलायचं नाही. तिचा आवाज आला की शेजारी दारातल्या खुर्च्या आत घ्यायचे.

सर आले. ते वाईट माणूस नाहीत, वैजू, तेव्हाही नव्हते. घामाने भिजले होते. "पालक फोन करून राहिले, पोरं काढून नेतो म्हणतात. दोन ओळी लिहून द्या म्हणावं. भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे, बस. सत्कार थाटात करू."

तो निरोप मी तुला दिला, आणि मागच्या खोलीत आपलं ते भांडण झालं.

"लिही की दोन ओळी," मी म्हणालो. "बोललास ते बोललास. आता मोकळा हो."

"काय लिहू? पोरं मरतेत ते बरं हाय असं लिहू?"

"तसं कोण म्हणून राहिलंय?"

"मग कशाची माफी?" तू माझ्याकडे रोखून पाहिलंस. "तू भितोस, मुनीर."

"हाव, भितो," मी म्हणालो. "तू बोललास तर लोकं म्हणतेत वैजूचं डोकं फिरलं. तेच मी बोललो असतो तर काय म्हणाले असते? माझं नाव काय हाय? माझं घर कोणत्या गल्लीत हाय? तुला जे बोलता येतं ते मला बोलताबी येत न्हाई, आणि तुझा दोस्त म्हणून जीप माझ्या गल्लीतून जाऊन राहिली."

इतक्या वर्षांत हे मी तुला कधी म्हणालो नव्हतो. तू खाली बसलास. बराच वेळ गादीची शिवण उसवत राहिलास. मग म्हणालास, "हे मला कळायला पायजे होतं." आणि उठून गेलास. माफी तू लिहिली नाहीस. मी पुन्हा मागितली नाही. ते भांडण आपण कधी संपवलंही नाही. मला अजून वाटतं, सोंग पूर्ण करून, टाळ्या संपू देऊन, तू तेच जरा सबुरीने बोलला असतास तर लोकांनी ऐकलं असतं. हे वाचून तू नाही म्हणणार, तेही मला माहीत आहे.

सत्कार रद्द झाला. तरी त्या दिवशी तू आलास, एसटीने, एकटा. म्हणालास, "सत्कार नको, पण येतो म्हणालो होतो लोकांना." हॉलच्या फाटकाला कुलूप होतं आणि बाहेर माणसं जमली होती. त्यांनी जळकोटकडच्या एका गावातून एका म्हाताऱ्याला जीपमध्ये बसवून आणलं होतं. माणिकमामा. त्यांचा बालाजी त्याच लढाईत गेला होता. त्यांच्या हातात चपलांची माळ दिली होती, आणि त्यांना वाट करून दिली जात होती, लग्नात नवरदेवाच्या बापाला देतात तशी.

मामा तुझ्यापुढे येऊन उभे राहिले. मी तुझ्या मागेच होतो. मला वाटलं, हा बाप ओरडेल, मारेल. त्यांनी तुला नीट पाहून घेतलं.

"तूच का फौजीचं सोंग करनारा?"

"हाव, मामा."

"आमच्या बालाजीकडं तुझी कॅसेट होती. सुट्टीवर आला की लावायचा. लई हासायचा. म्हशीच्या पुढं जाऊन तसंच करायचा."

मामांनी माळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"तू म्हनलास म्हनं, फौजीला परत पाठवायचं न्हाई."

"म्हणालो, मामा."

"मंग आदी का न्हाई म्हनलास? तो जायच्या आदी?"

कोणीतरी मागून ओरडलं, "घाला मामा, घाला!" मामांच्या हातातली माळ वर जात नव्हती. तेव्हा तू मान वाकवलीस. स्वतःहून. त्यांनी माळ घातली. गर्दीतून आरोळी उठली आणि मधेच विरली, कारण मामा माळ सोडत नव्हते. दोन्ही मुठींत तिला धरून ते तुझ्या छातीशी उभे होते, आणि म्हणत होते, "आता हासव. हासव की मला. त्याला हासवायचास ना?"

तू तोंड उघडलंस, वैजू. मी पाहिलं. सारा महाराष्ट्र ज्याच्या नुसत्या तोंड उघडण्यावर हसायचा तो तू, आणि आवाजच आला नाही.

माणसं हळूहळू पांगली. ज्यांनी माळ ओवली होती त्यांनाही पुढे काय करायचं ते सुचलं नाही.

त्या दिवसानंतर तू स्टेजवर गेला नाहीस. सिनेमावाल्यांनीही मग विचारणं सोडलं. लोकांना वाटलं तू घाबरलास. तू रेणापूरला राहिलास, शेतात जायचास, आणि मधून मधून जळकोटची गाडी पकडायचास. मामांच्या अंगणात जाऊन बसायचास. काय बोलता, मी एकदा विचारलं. तू म्हणालास, "काय न्हाई. ते बाजेवर, मी खाली. बालाजीची माय चहा करून ठेवती, पण बाहेर येत न्हाई." पुढे मी विचारलं नाही. आपल्यात विचारायचं राहिलेलं असं बरंच आहे. तुझं छातीचं दुखणं किती जुनं होतं तेसुद्धा मला नांदेडच्या दवाखान्यात, डॉक्टर गोविंददादाशी बोलत असताना कळलं. तू पलंगावर माझा हात धरून ठेवला होतास आणि सारखा दाराकडे पाहत होतास, जणू कोणी तुला न्यायला येणार होतं.

काल तुझी शोकसभा झाली. मी कॅसेट दिली. हसून राहिलेल्या माणसांकडे पाहत होतो. तुझा तो पहिला, जुना आवाज, ती म्हैस, ती उडालेली टोपी. लोक मनापासून हसले, आणि त्या हसण्याबद्दल मी तुझा आणि त्यांचाही ऋणी आहे, कारण घटकाभर तू होतास. पण मागच्या दारांशी काही पोक्त माणसं हात बांधून उभी होती. ती हसत नव्हती. ती कोण काय बोलतं ते ऐकायला आली होती. एकेक वक्ता उठायचा, त्यांच्याकडे पाहायचा, आणि तू किती गुणी होतास ते सांगून बसायचा. सरांनीही तेच केलं. बसण्याआधी त्यांनी तुझ्या फोटोवरचा हार सरळ केला, ते खोटं नव्हतं.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो तेव्हा माझ्या मनात तुझी म्हैस होती, खरं सांगतो. पण तोंडातून निघालं ते नांदेडचं. मी म्हणालो, वैजू शेवटचं जे बोलला ते इथं कोणी बोलत न्हाई, म्हणून मी सांगतो. 'मला ह्याला परत पाठवायचं न्हाई' इथवर आलो आणि माईक बंद झाला. उरलेलं मी नुसत्या गळ्याने बोललो. शेवटपर्यंत बोललो.

"कोन बोलून राहिलंय ते? नाव सांग!" मागून आवाज आला.

मी नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं. गल्ली सांगितली.

एक खुर्ची स्टेजवर येऊन आपटली. सर दोन्ही हात पसरून माझ्यापुढे उभे राहिले, हेही लिहायला हवं. दिवे गेले की घालवले, माहीत नाही. त्या गडबडीत कोणीतरी माझं मनगट धरलं आणि बाजूच्या दाराने बाहेर काढलं. हात खरखरीत होता. उजेडात पाहिलं तर माणिकमामा. ते आले होते हे मला ठाऊकच नव्हतं.

"मुनीरभाई," ते म्हणाले, "बाजाराच्या दिवशी आमच्याकडं या."

"मामा, सध्या बाहेर पडणं..."

"या. बालाजीच्या मायला अजून वाटतंय वैजू तिच्या लेकराला हासला. कोनी तसंच सांगितलंय तिला. मी सांगाया गेलो तर कानावर हात ठिवती. वैजूबी गेला तवर कधी तोंडानं बोलला न्हाई. तुमी तितं होता, नांदेडला. तुमी ऐकलंय."

नाट्यगृहाला तुझं नाव देणार नाहीत. सकाळीच सरांचा निरोप आला. जपून राहा, असंही म्हणाले. ती जीप आज समोरच्या लिंबाखाली उभी आहे. पूर्वी ती थांबायची नाही. शाहीन म्हणते, दुकान उघडू नका, जळकोटला तर मुळीच जाऊ नका, आपल्या पोरीचं लग्न व्हायचंय. ती चुकीचं काहीच बोलत नाही. मी अर्धं शटर वर करून हे लिहीत बसलोय.

उद्या बाजार आहे. मी जाणार आहे. तू इतके दिवस त्या अंगणात खाली बसून राहिलास, आत चहा करणाऱ्या त्या बाईला एकदाही हाक मारली नाहीस. नांदेडचे शब्द मला पाठ आहेत, पण हाक मारल्यावर तिनंही 'आदी का न्हाई?' असं विचारलं तर तिला काय सांगायचं, तेवढं मात्र तू सांगून गेला नाहीस, वैजू.